इंजिनातला कचरा आणि साच्यावरचा दंड

काळाचौकीहून पूर्वेकडे निघाले की कॉटन ग्रीनची जुनी गोदामे लागतात आणि तिथून थोडे उत्तरेला शिवडी. या रस्त्याने जाणाऱ्याला आज मालट्रकांची ये-जा दिसते. पण भारतातील मोटार-जुळणीच्या इतिहासाचे एक आरंभीचे पान याच पट्ट्यात लिहिले गेले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. शेव्हरोले मोटारी, बस आणि ट्रक यांचे सुटे भाग पेटाऱ्यांत भरून बोटीने मुंबई बंदरात येत आणि शिवडीत ते जोडून गाडी उभी राही. पुढे, ज्या कंपन्या गाडीचे भाग क्रमाक्रमाने इथेच बनवतील त्यांनाच मुभा द्यायची, असे धोरण भारत सरकारने १९५३ साली ठरवले. नुसती जुळणी करणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. १९५४ साली शिवडीचे काम थांबले.

त्याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत विकलेल्या सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या. २०२१ ते २०२४ या वर्षांतील मोठे ट्रक आणि तत्सम गाड्या, त्यांत ६.२ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन. चालू गाडीत इंजिन एकाएकी निकामी होत होते आणि हजारो तक्रारी जमा झाल्या होत्या. अशा बातम्या वाचल्या की 'पूर्वीसारखा माल आता राहिला नाही' असे उद्गार सहज निघतात. ते कितपत खरे, हे तपासायचे तर आधी बिघाड कुठे झाला ते पाहिले पाहिजे.

तेलाचा पापुद्रा

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याची ही हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला मिळते आणि तिचे फिरणे होते. रॉड आणि क्रँकशाफ्ट जिथे भेटतात तिथे बेअरिंग असते. आपली समजूत अशी, की तिथे धातूवर धातू फिरतो आणि तेल फक्त घर्षण कमी करते. वस्तुस्थिती निराळी आहे. नीट चालणाऱ्या इंजिनात हे दोन धातू एकमेकांना जवळजवळ शिवतच नाहीत.

ही गोष्ट एका अपघाताने उघड झाली. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून बाहेर उसळू लागले. टॉवर यांनी बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. आत मोठा दाब निर्माण होत होता, हे उघड होते. त्याचा उलगडा ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणिताने केला. फिरणारी आस आपल्याबरोबर तेल ओढून नेते. समोरची फट पाचरीसारखी निमुळती होत गेलेली असते. तेथे कोंडलेल्या तेलाचा दाब इतका वाढतो, की तो आसेला उचलून धरतो. ओल्या रस्त्यावर वेगाने जाणारी गाडी पाण्यावर तरंगून घसरते, तसेच हे. फक्त येथे तरंगणे हवे असते.

हा तेलाचा पापुद्रा किती जाड असतो? जास्तीत जास्त भार येतो त्या क्षणी एक-दोन मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. यंत्रावर धातू कापताना उडालेला वीस मायक्रॉनचा कण डोळ्यांना दिसणारही नाही. पण या पापुद्र्यात तो डोंगराएवढा ठरतो. बेअरिंगचा मऊ थर तो खरवडतो, पापुद्रा फाटतो, धातू धातूला घासतो, उष्णता वाढते आणि बेअरिंग 'पकडते'. लालबाग-परळच्या गॅरेजमधला मिस्त्री याला 'इंजिन जाम झाले' म्हणतो.

जनरल मोटर्सच्या इंजिनांत दोन दोष असू शकतात, असे कंपनीने सांगितले. एक, कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकशाफ्टच्या तेलवाहिन्यांत राहिलेला गाळ; दुसरा, क्रँकशाफ्टची मापे आणि पृष्ठभागाची सफाई ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेली. तपासणीत नापास होणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती किंवा बदली, आणि पास होणाऱ्यांत पूर्वीपेक्षा दाट तेल, असा उपाय ठरला. दाट तेलाने पापुद्रा जाड होतो, म्हणून हे भौतिकशास्त्राला धरूनच आहे. पण मुळात पातळ तेल का घातले होते? पातळ तेलाने घर्षण कमी होते आणि इंधन वाचते. म्हणजे बचतीसाठी पापुद्रा बारीक करत न्यायचा, तर कारखान्यातली स्वच्छता आणि अचूकता त्याच प्रमाणात वाढवावी लागते. ती तेवढी राहिली नाही, की पूर्वी खपून गेला असता असा दोष आता इंजिन बंद पाडतो.

एकच कंपनी दोषी असे नाही. दर्जासाठी जगभर नावाजलेल्या टोयोटा कंपनीने २०२४ साली अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या, बहुतेक टुंड्रा ट्रक, परत बोलावल्या. कारण तेच: यंत्रकामातील कचरा इंजिनात राहून गेला होता. टोयोटाने इंजिनेच बदलून द्यायचे ठरवले.

नाशिकचे बारा दिवस

आता आपल्या घरचे उदाहरण. जुलै २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या ६०० पेक्षा थोड्या कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारखान्यात एका ठरावीक तारखेला आलेल्या इंधनात भेसळ किंवा घाण असावी आणि तिने इंजिनाच्या भागांना इजा झाली असावी, असा संशय होता. गाड्या होत्या २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत बनलेल्या.

आम्हाला या घटनेत दोषापेक्षा हे बारा दिवस महत्त्वाचे वाटतात. कोणते इंधन कधी आले, ते कोणत्या गाड्यांत पडले, याची नोंद होती म्हणून संशय सहाशे गाड्यांपुरता राहिला आणि गाड्या रस्त्यावर येऊन महिनाही होण्याआधी हाक गेली. अमेरिकेतील सहा लाखांमध्ये, कंपनीच्याच अंदाजाप्रमाणे, दोष असलेल्या गाड्या सुमारे ३ टक्के, म्हणजे १८ हजारांच्या आसपास. पण त्या नेमक्या कोणत्या, हे आधी सांगता येत नाही. म्हणून शंभरातल्या तिघांसाठी शंभरही जणांना बोलवावे लागते.

दंड कुणाला?

येथे काळाचौकीची आठवण काढणे भाग आहे. इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या याच भागातल्या. आमचे आजोबा अशाच एका गिरणीत साचेखात्यात होते. मुंबईच्या गिरण्यांत कापडात दोष निघाला, की त्याची किंमत विणकराच्या पगारातून कापून घेण्याची रीत जुनी होती. काही वेळा ते खराब कापडच त्याच्या गळ्यात मारले जाई. आजोबा सांगत, "सूत कच्चे आले तर साच्यावरचा माणूस काय करणार? पण ठाण तर त्याच्याच साच्यावरून उतरलेले असते ना!"

आजोबांच्या या तक्रारीचे शास्त्र त्याआधीच अमेरिकेत मांडले गेले होते. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये एका छोट्या टिपणात पहिला नियंत्रण-आलेख काढला. त्याचे म्हणणे असे: कोणत्याही उत्पादनात थोडा चढउतार असतोच. तो दोन प्रकारचा. एक, पद्धतीतच मुरलेला: कच्चा माल, हवा, यंत्रांची झीज, कामाचा वेग यांतून येणारा. दुसरा, एखाद्या वेगळ्या कारणाने उद्भवलेला: नाशिकच्या इंधनासारखा. आलेखावर सरासरीच्या वर-खाली दोन मर्यादा आखायच्या. बिंदू मर्यादेबाहेर गेला, तर त्या दिवशी काय वेगळे घडले ते शोधायचे. बिंदू मर्यादेत असूनही माल वाईट असेल, तर कामगाराला रागावून उपयोग नाही. पद्धतच बदलली पाहिजे, आणि ते काम व्यवस्थापनाचे.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढे १९५३ साली मुंबईत गुणनियंत्रणाचे केंद्र सुरू केले. शूहार्ट यांचे सहकारी एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली हेच विचार जपानी उद्योजकांपुढे मांडले, आणि जपानने ते उचलून धरले. आपल्याकडे मात्र मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मिळेल ती गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दर्जा सुधारण्याची निकड कुणाला वाटणार? साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. चित्र पालटायला स्पर्धा यावी लागली. २००३ साली महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला डेमिंग पुरस्कार मिळाला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीला तो मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

दर्जा खरेच घसरला का?

परत बोलावलेल्या गाड्यांचा आकडा वाढला म्हणजे दर्जा घसरला, असे म्हणता येणार नाही. रोगनिदानाची सोय झाली की नोंदलेले रुग्ण वाढतात, तसेच हे. अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा १९६६ साली झाला. भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायचे नियम २०१२ साली केले. मोटार वाहन कायद्यात सक्तीची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले; सरकारने सक्तीने गाड्या परत घ्यायला लावल्या तर १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी आपल्याकडे गाड्या 'परत' येत नसत, याचा अर्थ त्या निर्दोष होत्या असा नव्हे. ट्रकचे इंजिन बसले, तर भुर्दंड मालकाचा आणि शिव्या ड्रायव्हरला.

खरी घसरण निराळ्या जागी शोधावी लागते. २०१३ साली जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने २००५ पासूनच्या १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. येथे कचरा इंजिनात नव्हता, नोंदीत होता. प्रदूषणाच्या चाचणीचे नियम कर्मचाऱ्यांनी मोडल्याचे कंपनीने स्वतःच मान्य केले आणि काही जणांना काढून टाकले. गाळ धुता येतो, माप सुधारता येते. पण मोजमापच खोटे असेल तर आलेखावरचा प्रत्येक बिंदू निरर्थक होतो. शिवडीहून गेलेली ही कंपनी नव्वदच्या दशकात भारतात परतली, २००८ साली तळेगावला तिचा कारखाना उभा राहिला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. तिच्या जाण्याला व्यापाराची कारणे अनेक होती. ती या एका घटनेला जोडणे योग्य होणार नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्यांमध्ये तेलाचा थेंब टाकून त्या एकमेकींवर सरकवाव्यात. मग तेलात बारीक वाळूचे चार कण टाकून पुन्हा हलक्या हाताने सरकवाव्यात. हाताला लागणारा फरक आणि काचेवरचे ओरखडे विद्यार्थी विसरणार नाहीत. (काचेच्या कडा आधी चिकटपट्टीने झाकाव्यात.)

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतःवर करायचा आहे. दर आठवड्याला एक छोटी चाचणी घेऊन किती मुलांचे गणित चुकले, याचा आलेख वर्षभर ठेवावा. एखाद्या आठवड्यात आकडा एकदम उसळला, तर त्या दिवशी काय घडले ते आठवावे: गणपतीची सुट्टी संपली होती का? पावसाने निम्मा वर्ग गैरहजर होता का? पण चाळीसपैकी पंचवीस मुले प्रत्येक आठवड्याला तोच भागाकार चुकवत असतील, तर छडी किंवा शेरा त्यांच्या वहीवर मारण्यापूर्वी आपण तो भागाकार कसा शिकवतो, ते एकदा तपासून पाहावे. साच्यावरच्या माणसाचा पगार कापून सूत सुधारले नव्हते.