खेळाडूंना आत्मविश्वास मिळतो कुठून?

रोज आरशासमोर 'मी जिंकणारच' म्हटलं की आत्मविश्वास येतो का? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास चार गोष्टींतून येतो.

१. स्वतःचा अनुभव: हा सगळ्यात भक्कम. आधी जमलेली गोष्ट पुन्हा जमेल असं वाटतं. म्हणूनच मोठं ध्येय छोट्या टप्प्यांत वाटून घ्यायचं.

२. आपल्यासारख्यांचं यश: शेजारच्या गावातली मुलगी राज्य स्पर्धा जिंकली, तर आपल्यालाही ते शक्य वाटतं.

३. विश्वासातल्या माणसाचे शब्द: नुसत्या 'तू भारी आहेस'पेक्षा 'तुझा स्टार्ट सुधारलाय' हे जास्त उपयोगी पडतं.

४. शरीराचे संकेत: मॅचआधी छाती धडधडते. ती भीती समजायची की तयारी, यावर बरंच ठरतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलमध्ये कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे पहिल्या टप्प्यानंतर सहावा होता. शेवटी ४५१.४ गुणांसह त्याने ब्राँझ पटकावलं.

असं मागे पडल्यावर हाताशी असतो तो आधी केलेला सराव. त्यामुळे आज काय जमलं ते रोज वहीत लिहा आणि मॅचच्या आदल्या रात्री ती वही वाचा.