घामच आला नाही, मग पाणी कमी कसं पडलं?

गेल्या एप्रिलमध्ये चाळिशीतले एक गृहस्थ लंगडत दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मित्रांबरोबर बाईकवरून हंपीला निघाले होते. पहाटे पुणे सोडलं, सोलापूर झालं, विजापूर मागे पडलं. दुपारी चारच्या सुमारास एका ढाब्यावर त्यांनी गाडी बंद केली, उतरले, आणि स्टँड लावायचाच राहिला. एवढी जड गाडी पायावर आडवी झाली. “वीस वर्षं गाडी चालवतोय डॉक्टर, असं कधीच झालं नव्हतं.”

दिवसभरात पाणी किती प्यायलात, असं मी विचारलं. अर्ध्या लिटरची एक बाटली, तीही संपली नव्हती, आणि तीन कटिंग चहा. लघवीला शेवटचं कधी गेलात? सकाळी नाश्त्याच्या वेळी. सारखं थांबावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी मुद्दामच कमी ठेवलं होतं. शरीरात पाणी कमी पडल्यामुळे लक्ष उडालं असेल, असं मी म्हणताच ते म्हणाले, “पण मला घामच आला नाही! शर्ट ठणठणीत कोरडा होता. मग पाणी कमी कसं पडलं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला, आणि वाटेत आम्ही दोन मोठ्या चुका केल्या. त्यांची गोष्ट आज सांगतो, कारण त्याच दोन चुका बाईकवर निघालेली माणसं आजही करतात.

पहिली चूक: पाणी न पिण्याची शिस्त

1904 साली अमेरिकेत सेंट लुइसला ऑलिंपिक भरलं होतं. मॅरेथॉनच्या दिवशी तापमान 32 अंशांच्या आसपास होतं आणि रस्ता कच्चा, धुळीचा. 40 किलोमीटरच्या या शर्यतीत पाणी मिळण्याची जागा जवळपास एकच होती, तीही साधारण निम्म्या वाटेवर. ही केवळ गैरसोय नव्हती. कमी पाण्यावर शरीर किती तग धरतं, हे आयोजकांना पाहायचं होतं. 32 जण धावायला लागले, 14 जणांनी शर्यत पूर्ण केली. जिंकलेल्या धावपटूला शेवटच्या टप्प्यात स्ट्रिकनिन नावाचं विष अगदी थोड्या मात्रेत, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी देऊन कसंबसं पुढे नेलं. पाणी मागितलं तर पुसायला ओला स्पंज!

तेव्हाची समजूतच तशी होती. धावताना पाणी प्यायलं की पोट जड होतं, पोटात कळ येते. सैन्यातही ‘पाण्याची शिस्त’ शिकवत: सवयीने माणूस कमी पाण्यावर राहू शकतो, असं मानलं जाई. लांबच्या राइडला “पाणी कमी पी, सारखं थांबावं लागेल” असा सल्ला देणारा मित्र नकळत याच जुन्या समजुतीचा वारस असतो.

वाळवंटातला कोरडा शर्ट

ही समजूत मोडली दुसऱ्या महायुद्धात. सैनिक वाळवंटात लढत होते, आणि त्यांना पाणी किती लागतं हे ठरवणं भाग होतं. रॉचेस्टर विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेले. तिथे त्यांनी सैनिकांची वजनं केली, पाणी मोजलं, घाम मोजला. हे सगळं काम 1947 साली पुस्तकरूपाने आलं.

त्यांना काय दिसलं? पहिली गोष्ट, कमी पाण्याची सवय शरीराला लावता येत नाही. पाणी न मिळालेला सैनिक काटक होत नाही, फक्त लवकर गळून जातो. बाटलीत राखून ठेवलेल्या पाण्यापेक्षा पोटात गेलेलं पाणी जास्त उपयोगी.

दुसरी गोष्ट आमच्या पेशंटच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. कोरड्या, वाऱ्याच्या हवेत घाम येतो, पण तो अंगावर टिकत नाही. आला की उडून जातो. कातडी कोरडी, शर्ट कोरडा, आणि वजन मात्र तासातासाला घटत जातं. आता बाईकवर बसलेल्या माणसाचा विचार करा. ताशी 80 किलोमीटरचा गरम वारा दिवसभर त्याच्या अंगावर येतोय. म्हणजे वाळवंटच! शर्ट कोरडा राहिला याचा अर्थ घाम आला नाही असा नाही. तो दिसायच्या आत वाळला, एवढाच.

तिसरी गोष्ट, तहान उशिरा लागते. समोर भरपूर पाणी असूनही सैनिक गेलेल्या पाण्याइतकं पाणी पीत नसत. उरलेली तूट जेवायला बसल्यावर भरून निघे. ज्यांनी जेवणच टाळलं, त्यांची तूट तशीच राहिली.

चौथी गोष्ट ऐकून नवल वाटेल. उन्हात उघड्या अंगाने बसलेल्या माणसापेक्षा कपडे घातलेल्या माणसाचा घाम कमी गेला. आपल्या कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा 40 अंश असेल तर वारा अंग गार करत नाही, उलट उष्णता देतो, हेअर ड्रायरसारखा. म्हणून कडक उन्हात जॅकेट काढून टी-शर्टवर गाडी चालवणं हा उपाय नव्हे, आणि पडलात तर धोका आहे तो वेगळाच.

लघवीला का जावं लागत नाही?

1965 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉल संघाच्या एका प्रशिक्षकाने रॉबर्ट केड या किडनीच्या डॉक्टरांना साधा प्रश्न विचारला: सामना चालू असताना आमच्या खेळाडूंना लघवीला का जावं लागत नाही? केड यांनी तपासलं. घामावाटे इतकं पाणी आणि मीठ जात होतं की लघवीसाठी काही उरतच नव्हतं. मग त्यांनी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस यांचं मिश्रण केलं. पुढे तेच ‘गेटोरेड’ म्हणून बाजारात आलं.

मी माझ्या पेशंटना लघवीचं विचारतो ते याचसाठी. पाच-सहा तास लघवीला जावंच लागलं नाही, तर ती सोय झाली असं समजू नका. ती शरीराने दिलेली पहिली सूचना आहे.

मीठ आणि साखर एकत्रच का, याचं उत्तर त्याआधी, 1960 साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं होतं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. या ज्ञानाचा सर्वात मोठा उपयोग मात्र कुठल्या मैदानावर झाला नाही. तो झाला 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये. बांगलादेश युद्धातून आलेल्या लोकांत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच कपाकपाने ते पाजायला सांगितलं. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे त्यांच्याकडे मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीमागे हा इतिहास आहे.

दुसरी चूक: जेवढं जास्त तेवढं चांगलं

यानंतर लंबक उलट्या टोकाला गेला. “तहान लागायची वाट पाहू नका, जमेल तेवढं पाणी प्या” असा सल्ला सगळीकडे सुरू झाला. 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी वेगळेच पेशंट नोंदवले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बेशुद्ध पडलेले हे धावपटू पाण्यावाचून पडले नव्हते. जास्त पाणी पिऊन त्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलं होतं. 2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. त्याच शर्यतीत एका तरुणीचा याच कारणाने मृत्यूही झाला.

बाईकवर हा धोका धावपटूंपेक्षा कमी आहे, पण जेवण न करता दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरोबर नाही. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, हे लक्षात ठेवा.

पाठीवरची पिशवी

1980च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकल राइड होती. मायकेल आयडसन या रुग्णवाहिका सेवेत काम करणाऱ्या सायकलपटूने सलाइनच्या पिशवीत पाणी भरलं, ती लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला टाचली आणि नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. त्यातूनच ‘कॅमलबॅक’ हे उत्पादन जन्मलं. आज बाईकस्वारांच्या पाठीवर दिसणाऱ्या पाण्याच्या पिशव्या त्याच्याच नातेवाईक. हेल्मेट काढा, हातमोजे काढा, बाटली शोधा, हा कंटाळाच पाणी टाळायला लावतो. पिशवीने तो कंटाळा संपवला. मात्र घोट थांबल्यावर घ्या, चालत्या गाडीवर नळीशी खेळू नका.

तर तुम्ही काय करायचं?

– दर तास-सव्वा तासाला थांबा. उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोटाघोटाने प्या. कडक उन्हात थोडं जास्त लागेल, पण तासाला लिटरच्या वर जाऊ नका.
– जेवण टाळू नका. ताक, लिंबू सरबत, भाजी-भाकरी यांतून मीठ मिळतं.
– डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेल्या ओआरएसच्या दोन पुड्या जवळ ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. घट्ट करू नका.
– चहा चालेल, पण कटिंग म्हणजे पाणी नव्हे. आदल्या रात्रीची दारू मात्र दुसऱ्या दिवशीचं पाणी पळवते.
– लघवी गडद पिवळी असेल किंवा होतच नसेल, तर सावलीत अर्धा तास थांबून पाणी प्या आणि मगच निघा.
– स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या माझ्या भगिनींनो, तुमची अडचण खरी आहे. पेट्रोल पंपांवरचे थांबे आधीच ठरवून घ्या, पण तहानलेल्या राहू नका.
– हृदयाचा किंवा किडनीचा आजार, मधुमेह, रक्तदाब असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी, मीठ आणि ओआरएसचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
– सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर घाम येत असो वा नसो, उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

इंग्लंडमध्ये काही पुरुषांना कमी पाणी देऊन सिम्युलेटरवर दोन तास गाडी चालवायला लावली होती. पाहणी छोटी होती, पण पुरेसं पाणी प्यायलेल्या दिवसाच्या तुलनेत त्यांच्या चुका दुपटीहून जास्त झाल्या. चारचाकीत चूक म्हणजे पट्टा ओलांडणं. दुचाकीवर चूक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

आमचे पेशंट त्यामानाने नशीबवान. त्यांची चूक गाडी उभी असताना झाली. पायाचं बोट जुळलं, आणि दिवाळीत ते पुन्हा हंपीला जाऊन आले. या वेळी नऊ ठिकाणी थांबलो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.