बंदुकीच्या नळीचा सांधा

एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेली बंदूक आपण पाहिली असेल. लोक कौतुक करतात ते तिच्या दस्त्यावरच्या नक्षीचे. पण लोहाराला विचारा, तो म्हणेल, खरी कारागिरी नळीत आहे. नळी फुटली, तर सावज राहते बाजूला आणि बार काढणाराच जायबंदी होतो.

पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून वाकवीत आणि त्याच्या दोन्ही कडा जोडीत. सांधा नळीच्या लांबीभर सरळ जाई. दारू पेटली, की तिचा जोर चहूबाजूंनी बाहेर रेटतो आणि असा सांधा उकलतो. अपघात फार होत. अबुल फजलाने ‘आईने अकबरी’त हे लिहून ठेवले आहे, आणि अकबराच्या कारखान्यातली नवी रीतही सांगितली आहे. पट्टी तिरकी गुंडाळायची, कागदाच्या सुरळीसारखी. वेढ्यावर वेढा थोडा चढवायचा आणि हळूहळू तापवून एकजीव करायचा. आता सांधा नळीभोवती फिरत जातो. एका रेषेत उकलायला त्याला वावच नाही. अबुल फजल म्हणतो, आधी पाव नळीपेक्षा जास्त दारू भरता येत नसे. आता तोंडापर्यंत भरली तरी भय नाही. दरबारी लेखकाची स्तुती थोडी वजा धरा, पण तत्त्व पक्के आहे. नळ्या साफ करायला जनावराने फिरवायचे चाकही होते. त्यावर एका वेळी 16 नळ्या घासून निघत.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम आणि लिएज इथले कारागीर शिकारी बंदुकांसाठी असेच करीत. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकत्र पिळायच्या, मग त्यांचे वेढे देऊन नळी घडवायची. वर जी लाटांसारखी नक्षी दिसे, ती काढलेली नव्हे. तो त्या पिळाचाच माग. या नळ्यांना ‘दमास्कस’ म्हणत.

पुढे बिनधुराची दारू आली आणि एकसंध पोलादी दांडा पोखरून नळ्या होऊ लागल्या. पिळाची विद्या मागे पडली.

शिक्षकबंधूंनी मुलांना हे जरूर सांगावे. कारण पिळाच्या नळीला सांधे अनेक. आतल्या आत कुठे गंज धरला, ते वरून दिसत नाही. ती काळ्या दारूसाठी घडलेली. नवे काडतूस घालून तिची परीक्षा पाहू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तशी शिकारीची हौसही संपली. नळी पाहावी, तिचा पीळ बोटाने दाखवावा, आणि ज्याचे नाव तिच्यावर नाही, त्या लोहाराची आठवण ठेवावी.