खेकडा, अर्बुद आणि गाठ

‘कर्करोग’ हा शब्द संस्कृत वळणाचा असल्यामुळे तो प्राचीन भारतीय वैद्यकातून आला असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः तो ‘कॅन्सर’चा अनुवाद आहे. कर्क म्हणजे खेकडा, आणि या खेकड्याचा मूळ मुलूख ग्रीस. हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहात ‘कार्किनोस’ हा शब्द आढळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ वापरला. दुसऱ्या शतकात गेलेनने उपमेचा उलगडा केला: स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. सातव्या शतकातील एजिनाचा पॉल आणखी एक कारण नोंदवतो, ते म्हणजे हा रोग जिथे धरतो तिथून सुटत नाही. आधी साम्य रूपाचे होते, मागाहून ते स्वभावाचे झाले. रोगाला असा स्वभाव चिकटला की रुग्णाच्या वाट्याला व्याधीबरोबर भयही येते. सुझन सोंटॅगने 1978 साली ‘इलनेस ॲज मेटाफर’मध्ये याच ओझ्याचा ऊहापोह केला.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात येतो. तिथल्या अर्बुदाच्या वर्णनात प्राणी नाही. गोल, स्थिर, मंद वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी सूज, एवढेच. पहिल्या अर्बुदावर पुन्हा वाढणारे ते अध्यर्बुद, जोडीने उद्भवणारे ते द्विरर्बुद. सगळी अर्बुदे असाध्य नव्हेत. रक्तार्बुद आणि मांसार्बुद मात्र असाध्य. म्हणून ‘अर्बुद म्हणजेच कॅन्सर’ हे हौशी समीकरण मांडण्यात अर्थ नाही. अर्बुदाची व्याप्ती ‘ट्यूमर’च्या जवळची आहे, आणि ‘ट्यूमर’चाही मूळ अर्थ निव्वळ सूज असाच होता.

डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून नावे ठेवण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकात मागे पडली. 1838 साली योहानेस म्युलरने सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासून त्या पेशींच्याच बनलेल्या असल्याचे दाखवले. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो याने 1847 साली ‘ल्युकेमिया’ हे नाव घडवले: पांढरे रक्त. इथे गाठच नाही, तरी पुढे हा रोग कर्करोगातच गणला गेला. मेंदूतील मज्जापेशींना आधार देणाऱ्या ऊतीला फिर्खोने ग्रीक ‘ग्लिया’ म्हणजे सरस या शब्दावरून नाव दिले आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या अर्बुदाला ‘ग्लायोमा’. 1926 साली पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी अशा अर्बुदांचे पेशींवरून वर्गीकरण केले. ताऱ्यासारख्या पेशींचा तो ‘ॲस्ट्रोसायटोमा’. खेकडा गेला, तारा आला; उपमेवाचून वैद्यकाचेही चालत नाही.

मेंदूच्या बाबतीत जुनी परिभाषा आणखी एका ठिकाणी अपुरी पडते. अन्यत्र ‘साधी’ म्हणजे न पसरणारी गाठ बहुधा जिवावर बेतत नाही. कवटी मात्र बंद पेटी आहे. तिच्यात वाढणाऱ्या कोणत्याही वस्तूला जागा मिळते ती मेंदू दाबूनच. मेंदूच्या आवरणातून उद्भवणारा ‘मेनिंजिओमा’ (हे नाव कुशिंगने 1922 साली दिले) बहुतेक वेळा साधा असतो, पण नको त्या जागी वाढला तर दृष्टी किंवा प्राणही घेऊ शकतो. उलट ग्लायोमा कितीही घातक असला तरी मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेर क्वचितच पसरतो. ‘साधी’ आणि ‘घातक’ ही विशेषणे पेशींच्या वर्तनाची आहेत. ऐकणारा ती स्वतःच्या भवितव्याची समजतो.

मराठी घरांत कर्करोग हा शब्द उच्चारायचे टाळले जाते आणि ‘डोक्यात गाठ आहे’ असे म्हटले जाते. या सौजन्याला दोन बाजू आहेत. आपल्याकडे मेंदूत क्षयाचीही गाठ होते. ‘ट्युबरक्युलोमा’ या नावाची ती गाठ कर्करोग नव्हे, आणि क्षयाच्या औषधांनी ती बहुधा विरघळते. पट्टकृमीच्या अळीची गाठ असते, तीही निराळी. रक्ताची गुठळी तर अर्बुदच नव्हे, पण बोलण्याच्या ओघात तिचीही गाठ होते. ज्या घरात ‘गाठ’ हा शब्द कर्करोगाचा आडपडदा म्हणून रुळला आहे, तिथे क्षयाच्या गाठीचा रुग्णही मरणाची तयारी करू लागतो, आणि ‘गाठ कसली आहे?’ हा प्रश्न कोणी डॉक्टरांना विचारत नाही.