मेणवलीच्या घंटेची तीन साले

वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावरच्या लहानशा दगडी देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. ही त्यांतलीच, असे परंपरा सांगते. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा यांचीही हीच कथा. म्हणून या घंटेला सरसकट विजयचिन्ह म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चिमाजी अप्पा 1740 मध्ये वारले, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस 1742 मध्ये जन्मले आणि मेणवली गाव नानांना 1768 मध्ये मिळाले. त्यांचा इथला वाडा आणि घाट त्यानंतरचे. घाटावर घंटा चढली तोवर वसईच्या लढाईला किमान एक पिढी लोटली होती. जिंकणारे हात वेगळे, टांगणारे वेगळे.

नुसता धातूच हवा असता तर ती वितळवता आली असती. घंटेच्या काशात साधारण पाचवा हिस्सा कथील असते, तोफेच्या काशात दहावा. तांबे वाढवले की तोफ ओतता येते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात चर्चच्या घंटांच्या तोफा आणि नाणी झालीच. यावर कोणी म्हणेल, मेरीची प्रतिमा शाबूत ठेवली ही मराठ्यांची सहिष्णुता. तसे म्हणायला आधार नाही; शत्रूची खूण पुसली तर विजयाची साक्षही पुसते, एवढा व्यवहार त्यामागे असू शकतो. पण मग दुसरा प्रश्न उरतो. निव्वळ मिरवायची वस्तू वाड्यात शोभली असती; ही देवळात गेली आणि कामाला लागली. चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणे हे नेमलेल्या माणसाचे काम. तो खालून दोर ओढी. सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रार्थना आणि गावातला मृत्यू लोकांना त्या आवाजावरून कळे. देवळात दर्शनाला येणारा प्रत्येक जण स्वतः टोला देतो. मनोऱ्यातून गावाला बोलावणारी घंटा इथे भक्ताच्या हाताशी आली. हा बदल तलवारीने घडवलेला नाही, वापराने घडवला आहे.

तेव्हा घाटावर येणाऱ्यांना 1739 सांगताना 1707 आणि 1768 ही सालेही सांगावीत. आणि वसईचे ख्रिस्ती आजही घरी मराठीच्या बोली बोलतात, हे लक्षात ठेवून या घंटेला परक्यांची म्हणणे सोडून द्यावे.