रिंगेचा आकडा

आजोबा गवंडी होते, औसा तालुक्यातले. त्यांच्या लेखी भिंत म्हणजे दोन-अडीच हात रुंद. बाहेरून घडीव दगड, आतून दगड, मधल्या पोकळीत चिपा, मुरूम, माती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले असताना भूकंपाने किल्लारी हादरली आणि याच भिंतींचे दोन्ही पदर सुटे होऊन माणसांवर कोसळले. वरून माळवदाची माती. लाकडी खणांचा सांगाडा मात्र कितीतरी घरांत उभाच राहिला. आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी इथे अडखळत. सुताराचं काम टिकलं, गवंड्याचं नाही, हे त्यांना मरेपर्यंत बोचत होतं.

मामांची गोष्ट गुजरातेतली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर ते मुकादमीला तिकडे गेले. पाटण जिल्ह्यातलं पाटणका गाव ‘सीड्स’ ही संस्था पुन्हा उभारत होती. 1995 च्या भूकंपात होरपळलेल्या कोबे शहरातल्या संस्थांचा त्याला हातभार होता. आणि नेपाळच्या ‘एनसेट’ या संस्थेने काठमांडू खोऱ्यातले गवंडी, म्हणजे तिकडचे डकर्मी, पाठवले होते. मामा म्हणतात, गावचे कारागीर इंजिनियरांचं ऐकून घेत आणि डकर्म्यांचं बघून करत.

डकर्म्यांनी करून दाखवलं ते असं: जोत्यावर आणि लिंटलला काँक्रीटचा पट्टा, सगळ्या भिंतींना कवेत घेणारा. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. दगडी भिंतीत मधूनमधून एक लांब दगड आरपार, म्हणजे पदर सुटत नाहीत. (हे ऐकून आजोबा उठून बाहेर गेले होते.) पण मामा रंगतात ते रिंगेवर, खांबाच्या उभ्या सळयांना वेढून बांधणाऱ्या. आपल्याकडे रिंगेची टोकं काटकोनात वळवून सोडून देत. डकर्म्याने ती आणखी आत दाबली, 135 अंशांत, थेट गाभ्याकडे. खांब जोरात हलला की बाहेरचं काँक्रीट आधी फुटतं; मग काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया वाकून बाहेर येतात. आत रुतलेला आकडा सहजी सुटत नाही.

डकर्म्यांच्या घरीही म्हातारे होतेच. 15 जानेवारी 1934 चा भूकंप तिकडे ‘नब्बे साल’चा, विक्रम संवत 1990 मधला. त्याच्या गोष्टी घरोघर सांगितल्या गेल्या आणि घरं मात्र पुढेही कच्चीच बांधली गेली. गोष्टींचं हे असंच असतं. एनसेटने 1990 च्या दशकाच्या अखेरीस खोऱ्यातल्या शाळा मजबूत करायला घेतल्या, आणि त्या कामावरच गावोगावचे गवंडी तयार केले.

25 एप्रिल 2015 ला नेपाळ हादरलं, जवळपास नऊ हजार माणसं गेली. मजबूत केलेल्या त्या शाळा उभ्या राहिल्या. बातम्या बघताना मामांना वेगळंच काही हवं होतं: पाटणक्याला आलेल्यांची गावं कुठली, त्यांची घरं कशी आहेत. ते कोण सांगणार?

आता ते थकलेत. तरी लातुरात कुठे कॉलमचं काम दिसलं की आत शिरून रिंग हातात घेतात. ती काटकोनातच असते. पोरांना आकडा वळवून दाखवतात. पोरं मान डोलावतात, आणि ठेकेदार म्हणतो, “काका, एवढ्यात माझ्या चार रिंगा होतात.”