गिरणगाव कुणी रिकामं केलं?

आपल्या मंडळात मुंबईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मराठी माणसाने खोल्या विकल्या आणि डोंबिवली गाठली.’ माझ्या मते हे अर्धंच सत्य आहे.

कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहिला. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली; भाडेकरू टिकला, पण मालकांनी डागडुजी सोडली. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबले, घरं पांगू लागली.

तरी एक आशा होती. १९९१ च्या नियमानुसार, विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक-तृतीयांश भाग बागा-मैदानांसाठी पालिकेला आणि जवळपास तितकाच परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली : वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! गिरणीच्या आवारात बांधकामच जास्त, त्यामुळे हा वाटा पार आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जुनी वाटणी उचलून धरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

मी संगणकवाला. प्रोग्रॅममधली एक अट बदलली की सगळं उत्तर बदलतं, हे रोज पाहतो. इथेही तेच झालं. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी सोडत काढली, तेव्हा घरं सात हजारांहून कमी आणि अर्ज लाखाच्या वर होते.

सुट्टीत मुलांना परळचे टॉवर दाखवाल, तेव्हा खोली विकणाऱ्याबरोबर या बदललेल्या अटीचीही गोष्ट सांगा.